तुम्ही विचारलंत म्हणून: योजनांवरचा खर्च कापावा का?

“राज्यावर एवढं कर्ज झालंय, मग या फुकटच्या योजना बंद का करत नाहीत?” हा प्रश्न हल्ली वारंवार विचारला जातो. तितक्याच वेळा उलटा प्रश्नही येतो: “गरिबाच्या तोंडचा घास काढून सरकार वाचवणार तरी किती?” विचारणारे दोघंही मनापासून विचारतात. माझं मत आधीच सांगून टाकणं बरं. खर्च कापायला माझा विरोध नाही. न सांगता कापायला आहे, आणि आपल्याकडची बहुतेक कपात न सांगताच होते. विधानसभेत कुणी उभं राहून “आम्ही अमुक रक्कम कमी करतोय” असं म्हणत नाही. रक्कम कागदावर तशीच राहते आणि माणसं गळत जातात.

आधी हिशेब. महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी धरला होता. म्हणजे तूट ४५,८९१ कोटींची, आणि वर्षअखेर कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या घरात जाणार असा अंदाज. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज या तीन गोष्टी जमेचा निम्म्याहून जास्त वाटा खातात आणि त्यांना हात लावता येत नाही. लाडकी बहीण योजनेसाठी त्या वर्षी ३६,००० कोटींची तरतूद होती. उद्या ही योजना पूर्ण बंद केली तरी महसुली तूट भरून निघत नाही, जवळजवळ दहा हजार कोटींची उरतेच. म्हणून “योजनांनी राज्य बुडवलं” एवढं वाक्य पुरं पडत नाही. पण जमेतला सव्वासहा टक्क्यांहून जास्त हिस्सा एकाच योजनेला जात असेल, तर तो कुठून आला हे विचारायलाच हवं. मे २०२५ मध्ये त्याचं उत्तर दिसलं. सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे सुमारे ३३५ कोटी या योजनेकडे वळवले गेले, आणि सामाजिक न्यायमंत्र्यांनीच त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. एका गरिबाला द्यायचं म्हणून दुसऱ्या गरिबाच्या खात्यातून काढणं ही सुद्धा कपातच आहे, फक्त ती कपातीच्या यादीत येत नाही.

आता त्या ३६,००० कोटींकडेच जरा जवळून पाहू. महिना १,५०० म्हणजे वर्षाला एका बाईचे १८,०००. छत्तीस हजार कोटींना अठरा हजारांनी भागा, बरोबर दोन कोटी येतात. पण जून २०२५ चा हप्ता सुमारे सव्वादोन कोटी महिलांना दिल्याचं सरकारनेच सांगितलं होतं. मधला फरक पंचवीस लाख महिलांचा, म्हणजे वर्षाला ४,५०० कोटींचा. त्याच सुमारास सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असल्याचा संशय जाहीर झाला आणि त्यांचा हप्ता थांबवून पडताळणी सुरू झाली. त्यांत अपात्र नव्हते असं मुळीच नाही, १४ हजारांच्या आसपास पुरुषांच्या नावावरही पैसे जात होते. पण तरतूद मार्चमध्ये दोन कोटी महिलांपुरतीच झाली होती आणि छाननी नंतर आली. आकडा आधी ठरतो आणि त्यात बसेल एवढी यादी मागून केली जाते, तेव्हा पडताळणी करणाऱ्याला किती नावं काढायची याचा अंदाज आधीच असतो. मला सगळ्यांत धोकादायक हेच वाटतं.

हप्ता महिना २,१०० करण्याच्या निवडणुकीतल्या आश्वासनालाही हेच गणित लावून पाहा. वर्षाला २५,२०० गुणिले सव्वादोन कोटी म्हणजे ५६,७०० कोटी. हा आकडा प्रचाराच्या वेळी कुणी मांडला असता तर वाद वेगळाच झाला असता.

कपातीच्या वाटा बऱ्याच आहेत. दर उघडपणे कमी करणं ही सर्वांत प्रामाणिक वाट, म्हणूनच ती क्वचित वापरली जाते. दुसरी वाट, दर गोठवून ठेवणं. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ८० वर्षांखालच्या वृद्धाला केंद्राचा वाटा महिना २०० रुपये आहे, आणि तो २००७ पासून २०० च आहे. तेव्हापासून किमती ढोबळमानाने तिप्पट झाल्या. म्हणजे आजचे दोनशे हे तेव्हाचे पासष्ट-सत्तर. दोन तृतीयांश पेन्शन कापली गेली, पण त्यासाठी ना विधेयक लागलं, ना मतदान, ना मोर्चा निघाला. महाराष्ट्राने संजय गांधी निराधार आणि वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचं अनुदान ६०० वरून २०१९ मध्ये हजारावर आणि २०२३ मध्ये दीड हजारावर नेलं, म्हणून इथल्या म्हाताऱ्यांना ते फारसं जाणवलं नाही. केंद्राने न वाढवलेलं ओझं राज्याने उचललं, एवढाच त्याचा अर्थ. “केंद्राचा खर्च आटोक्यात” आणि “राज्यांची तूट वाढली” या दोन बातम्या शेजारी-शेजारी छापून येतात, त्यामागे असंही एखादं कारण असतं.

तिसरी वाट उशिराची. एक हप्ता पुढच्या महिन्यात ढकलला की लाडकी बहीणमध्ये ३,३७५ कोटी त्या महिन्यापुरते तिजोरीत राहतात. मनरेगात पंधरा दिवसांत मजुरी न मिळाल्यास दिवसाला ०.०५ टक्के भरपाईची तरतूद होती. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजची मजुरी ३१२ रुपये होती, तिच्यावर ही भरपाई दिवसाला सोळा पैशांपर्यंतही जात नाही. एवढ्या स्वस्तात उशीर करता येत असेल तर कोण वेळेवर देणार? मजूर मात्र किराणा दुकानाची उधारी फेडायला सोळा पैसे घेऊन जाऊ शकत नाही.

चौथी वाट म्हणजे निकष, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळी मेख इथेच आहे. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं (दिव्यांगांसाठी ५०,०००). एकवीस हजार म्हणजे महिन्याला १,७५०. मजुरी ३१२ धरली तर ६८ दिवस काम केल्यावर एकट्या मजुराचं उत्पन्न २१,२१६ होतं. मनरेगाने हमी दिलेले शंभर दिवस भरले तर ३१,२००. म्हणजे सरकारचीच एक योजना पूर्ण मिळाली की दुसरीतून माणूस बाद. प्रत्यक्षात काय होतं? तलाठी आणि तहसीलदार दोघांनाही हे ठाऊक असतं, म्हणून दाखल्यावर २०-२१ हजारांचा आकडा लिहिला जातो. माणूस खरोखर निराधार असतो, फक्त कागद खोटा असतो. वरवर पाहता ही माणुसकी वाटते. पण खर्च कमी करायची वेळ आली की याच खोट्या कागदावर बोट ठेवून कुणालाही बाहेर काढता येतं. अशक्य निकष ठेवला की प्रत्येक लाभार्थी कायम गुन्हेगार ठरतो आणि मर्जीवर जगतो. निकष कडक म्हणजे योजना स्वच्छ, असं अनेकांना वाटतं. मला तर नेमकं उलटं दिसतं: निकष जितका अवास्तव, तितकी दलाली जास्त.

शिवाय गरीब कोण, याची व्याख्या एकाच राज्यात किती? निराधारसाठी २१,०००. प्राधान्य कुटुंबाच्या रेशनकार्डासाठी ग्रामीण भागात ४४,०००, शहरात ५९,०००. लाडकी बहीणसाठी अडीच लाख. एका घरातली सासू एका व्याख्येने गरीब, सून दुसऱ्या व्याख्येने, आणि रेशन दुकानात दोघी तिसऱ्याच रांगेत. कपात करायची असेल तर पहिलं काम या मर्यादा एकत्र बसवून ठरवण्याचं आहे. पण त्यात काही लाख माणसं उघडपणे बाद होतात आणि काही लाख उघडपणे आत येतात, म्हणून ते काम कुणी हातात घेत नाही.

पाचवी वाट इष्टांकाची, म्हणजे लाभार्थ्यांच्या ठरवून दिलेल्या कमाल संख्येची. पुरवठा खात्यात काम पडलेल्या प्रत्येकाने “इष्टांक शिल्लक नाही” हे वाक्य ऐकलेलं असतं. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने महाराष्ट्राला सुमारे सात कोटी लाभार्थ्यांची मर्यादा मिळाली, ती २०११ च्या जनगणनेवरून. लोकसंख्या वाढत गेली, पुढची जनगणना लांबत गेली आणि मर्यादा तीच राहिली. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव कार्डावर चढतं, बाळाचंही चढतं, पण माणशी पाच किलो धान्य लागू होतं ते कुणीतरी मेल्यावर किंवा वगळल्यावर. अंत्योदय कार्डाला ३५ किलो ठरलेले, घरात माणसं दोन असोत की आठ. धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत झालं याची चर्चा भरपूर झाली. गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो होता, पाच किलोवर माणशी वाचले दहा-पंधरा रुपये. यादीबाहेर राहिलेल्यांचं नुकसान याच्या कितीतरी पट होतं, ते कुणी मोजलं नाही.

धान्याऐवजी पैसे देण्याचाही एक नमुना आपल्याकडे आहे. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा मिळून चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांचं स्वस्त धान्य थांबलं, आणि २०२३ पासून माणशी महिना १५० रुपये, नंतर १७० रुपये खात्यात देण्याचं ठरलं. रोख रक्कम वाईट असं मी म्हणणार नाही. पण किलोचा भाव वाढला तर धान्य तेवढंच राहतं आणि १७० रुपयांत येणारं धान्य कमी होतं. रोखीत बदल करताना रक्कम महागाईशी बांधली नाही, तर गोठवण्याचा रस्ता आपोआप मोकळा होतो.

आणि मग पडताळणी. अपात्र माणूस आत राहणं ही एक चूक, पात्र माणूस बाहेर जाणं ही दुसरी. पहिल्या चुकीची किंमत सरकारला वर्षाला अठरा हजार. दुसऱ्या चुकीची किंमत एखाद्या विधवेचं सगळंच उत्पन्न. दोन्ही एकाच मापाने मोजता येत नाहीत. लाडकी बहीणच्या ई-केवायसीत आधी पती किंवा वडिलांचा आधार आणि त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी मागितला गेला. वडील वारलेले, नवरा सोडून गेलेला, अशा बाईने ओटीपी कुणाकडून आणायचा? म्हणजे योजनेची ज्यांना सर्वाधिक गरज, त्याच चाळणीत अडकल्या. आरडाओरडा झाल्यावर विधवा आणि परित्यक्तांसाठी वाट काढावी लागली आणि मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली. रेशन दुकानात पॉस यंत्रावर म्हाताऱ्यांचे आणि वीटभट्टीवर राबणाऱ्यांचे ठसे उमटत नाहीत, ही तर सर्वश्रुत गोष्ट.

झारखंडमध्ये याचा अभ्यास झाला आहे. कार्तिक मुरलीधरन, पॉल निहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी तिथल्या रेशनव्यवस्थेत आधार पडताळणीचा परिणाम तपासला. ज्यांचा आधार क्रमांक रेशनकार्डाशी जोडलेला नव्हता, त्यांना मिळणारं धान्य सरासरी दहा टक्क्यांनी घटलं, आणि निव्वळ ठसा घेतल्याने चोरीत लक्षणीय घट दिसली नाही. ‘बनावट’ म्हणून रद्द झालेल्या कार्डांचा शोध घेतला तेव्हा त्यांतली जवळजवळ ९० टक्के खऱ्या कुटुंबांची निघाली. दुकानदार वजनात मारतो ती चोरी ठशाने कशी थांबणार? ठसा माणूस कोण ते सांगतो, काटा किती दाखवतो ते सांगत नाही.

मग कापायचं कुठे? माझं उत्तर: जिथे सरकारी पैसा आधीच असलेल्या मालमत्तेच्या प्रमाणात वाटला जातो, तिथून सुरुवात करा. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज आहे. सुमारे ४४ लाख शेतकरी आणि वर्षाला १४,७६० कोटी, म्हणजे पंपामागे सरासरी ३३ हजारांवर. निराधार विधवेला मिळणाऱ्या वार्षिक रकमेच्या जवळजवळ दुप्पट. ज्याचा पंप मोठा, पाणी जास्त, पीक उसाचं, त्याला अनुदान जास्त. ज्याची कोरडवाहू जमीन आहे, विहीरच नाही, त्याला शून्य. शेतकऱ्याला मदत नको असं मी म्हणत नाहीये. तेवढाच पैसा जमिनीच्या किंवा माणसाच्या हिशेबाने वाटला तर खर्च न वाढवता जिरायती शेतकऱ्यापर्यंत पोचेल, आणि वीज मोजून वापरली जाईल. तीन अश्वशक्तीपर्यंत पूर्ण सवलत आणि वर टप्प्याटप्प्याने दर, ही उघड कपात आहे. तिला विरोध होईल हे मान्य. पण त्यात कुणाला अंधारात ठेवलेलं नसेल.

दुहेरी लाभ कापायलाही माझी हरकत नाही, नियम आधीपासून लिहिलेला असेल तर. नमो शेतकरी आणि पीएम किसान मिळून महिना हजार रुपये घेणाऱ्या ७,७४,१४८ महिलांना लाडकी बहीणमधून फरकाचे ५०० दिले जातात. मूळ शासन निर्णयातच ते होतं. मग त्याला फसवणूक म्हणता येत नाही, वाद घालायचा तर नियमाशी घालावा.

इथे हक्क आणि योजना यांतला फरक ध्यानात घ्यावा लागतो. लाडकी बहीण शासन निर्णयावर उभी आहे, दुसरा शासन निर्णय तिला संपवू शकतो. रेशन कायद्यावर उभं आहे. महाराष्ट्राने या बाबतीत देशाला वाट दाखवली होती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पाठपुराव्यातून आलेली रोजगार हमी १९७७ मध्ये कायदा झाली आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाली. त्याआधीच, १९७५ मध्ये, तिच्यासाठी व्यवसाय कर लावला गेला. नोकरदाराच्या पगारातून कापले जाणारे ते दोनशे रुपये त्याच कराचे. खर्च ठरवतानाच तो कोण भरणार हेही ठरवलं, म्हणून दुष्काळात तिजोरीकडे बघत बसावं लागलं नाही. मागेल त्याला काम, म्हणजे खर्चाला वरची मर्यादा नाही. खरा हक्क तो हाच. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राने मनरेगाच्या जागी नवा कायदा आणला. त्यात दिवस १०० चे १२५ झाले, पण बहुतेक राज्यांसाठी खर्चाची वाटणी ६०:४० झाली आणि राज्याला किती निधी हे केंद्र आधी ठरवणार, वरचा खर्च राज्याचा. दिवस वाढले आणि हक्काच्या डोक्यावर मर्यादा आली. नुसते दिवस पाहणाऱ्याला ही वाढ वाटेल.

यादी छाटायचीच असेल तर तिची रीतही कुणी सांगतं का? वगळायच्या नावांची यादी कारणासह चावडीवर लागली पाहिजे. नोटीस लेखी आणि मराठीत, उत्तराला तीस दिवस. तोवर हप्ता चालू, कारण आधी बंद आणि मग चौकशी या क्रमाने गेलं की म्हातारी माणसं तहसीलला चकरा मारण्यातच हरतात. अपील तहसीलदाराकडे नव्हे, उपविभागीय अधिकाऱ्याकडे. आणि वगळणं चुकीचं ठरलं तर थकबाकी व्याजासह. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे. आज चुकून वगळलेलं नाव पुन्हा घेतलं तरी मधले महिने बुडतात, म्हणजे चुकीतही सरकारचा फायदाच. तो फायदा काढून घेतला की याद्या आपोआप काळजीपूर्वक तयार होतील. निराधार योजनेच्या नव्या अर्जांनाही मुदत हवी. तालुका समितीची बैठक झाली नाही म्हणून अर्ज महिनोन् महिने पडून राहतात, आणि मंजुरी आली तरी पैसे मंजुरीपासूनच मिळतात.

तुम्हाला या वादात उतरायचं असेल तर पुढच्या अधिवेशनात पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पानंतर मागितलेला जादा खर्च) मांडल्या जातील तेव्हा त्यांची पुस्तिका उघडा. सामाजिक सुरक्षा व कल्याणाचं मुख्य लेखाशीर्ष, म्हणजे त्या खर्चाच्या खात्याचा क्रमांक, २२३५ आहे. योजनेची मूळ तरतूद घ्या, त्यात पुरवणीची रक्कम मिळवा, आणि माणशी वार्षिक रकमेने भागा. आलेला आकडा गेल्या महिन्यात हप्ता मिळालेल्यांच्या संख्येपेक्षा कमी असेल, तर आपल्या आमदारांना एवढंच लेखी विचारा: उरलेल्यांची नावं कोणत्या नियमाने काढणार आहात, आणि तो नियम सभागृहात कधी मांडणार?